पेंढ्याचं वासरू

माझ्या उजव्या पायाला चार बोटं आहेत. करंगळी नगरच्या दवाखान्यात राहिली. बाकीचा पाय माझ्याजवळ आहे आणि मी त्याच्यावर चालते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ज्याच्या पायाला जखम आहे त्याचा जीव तसाही टांगणीला असतो, त्याला मी आणखी कशाला टांगू?

मी चौथी शिकलेली बाई आहे. वय बहात्तर. पारनेर तालुक्यात, सुप्याहून आत गेलं की आमचं गाव. घरात मुलगा संजय, सून अर्चना, कॉलेजात जाणारी नात, आणि गोठ्यात चार गाई. संजय एमआयडीसीत कारखान्यात कामाला आहे, त्याला पाळ्या असतात. घर अर्चनाचं, गोठा माझा. अशी वाटणी कोणी केली नव्हती, पण ती होती.

मला लिहिण्याची सवय नाही. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एक शिक्षिका होत्या, त्यांनी सांगितलं, "लिहून काढा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल." नातीनं शुद्धलेखन तपासलं आहे. चुका माझ्या आहेत, पण त्या शुद्धलेखनाच्या नाहीत.

एकाच पायाचे ठसे

सकाळी धारा काढून मी घरात आले. अर्चना शहाबादी फरशी पुसत होती. माझी सून मला आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच पद्धत आहे.

"आत्या, हितं रगात कशाचं?"

"मांजरानं उंदीर मारला आसंल."

"मांजर एका पायावर चालतं का?"

तिनं बोट दाखवलं. गोठ्याच्या दारापासून चुलीपर्यंत ठसे होते. सगळे उजव्या पायाचे, सगळे माझे. मला काहीच दुखत नव्हतं. पाय उलटा करून पाहिला तर करंगळीखाली बाभळीचा काटा मोडलेला. किती दिवसांचा होता देव जाणे. मी गोठ्यात अनवाणीच जायची. गोठ्यात चपला घालून जाणं मला देवघरात चपला घालून जाण्यासारखं वाटायचं.

काटा काढला आणि बिब्बा तापवून चटका दिला. काटा मोडला की आमच्याकडे हेच करतात. चटक्यानं चामडी चरचरली, पण मला काही लागलं नाही. तेव्हाच कळायला हवं होतं. मला मात्र वाटलं, माझं काळीज घट्ट आहे.

साखरेचा आजार मला बारा वर्षांपासून होता. गोळ्याही होत्या. गोड खाल्लं त्या दिवशी मी दोन घ्यायची, नाही खाल्लं त्या दिवशी एकही नाही. हे शहाणपण माझं एकटीचं नाही, आमच्या आळीत निम्म्या बाया असंच करतात. त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे. गोळी रोजची असते. ती तुमच्या ताटाकडे बघत नाही.

दहा-बारा दिवसांनी घरात कुजका वास यायला लागला. मी अर्चनाला म्हटलं, कपाटामागं उंदीर मेलाय. तिनं कपाट सरकवलं, कणगी सरकवली, फडताळ झाडलं. उंदीर सापडला नाही. मी स्वयंपाकघरात गेले की वास स्वयंपाकघरात, ओट्यावर बसले की ओट्यावर. दुसऱ्या दिवशी नातीनं नाकाला ओढणी लावली आणि खाली वाकून माझ्या पायाकडं पाहिलं.

"आजे," ती म्हणाली, "उंदीर न्हाई. तूच हायेस."

टोचा की आधी

नगरच्या दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्या नातीपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी असेल. तिनं मला डोळे मिटायला सांगितलं.

"आजी, मी पायाला टोचते. टोचलं की सांगा."

मी डोळे मिटून बसले. बराच वेळ झाला.

"टोचा की आधी," मी म्हणाले.

"आजी, मी सहा वेळा टोचलंय."

मी डोळे उघडले. संजय माझ्या पायाकडं बघत होता, आणि त्याचं तोंड मी त्याच्या वडिलांच्या तिरडीपाशी पाहिलं होतं तसं झालं होतं.

डॉक्टरीण सरळ बोलली, त्याबद्दल मी तिला मानते. काही डॉक्टर नातेवाइकांना बाहेर नेऊन सांगतात, जणू आजार त्यांना झालाय. ती मला म्हणाली, "करंगळी मेलेली आहे, ती काढावी लागेल. पू आत पसरलाय, तो साफ करावा लागेल. तेवढ्यावर थांबलं तर पाऊल वाचेल. नाही थांबलं तर घोट्याच्या वरून काढावं लागेल. कुठे थांबेल हे आज मला सांगता येत नाही."

संजय बाहेर गेला आणि भिंतीला टेकून रडायला लागला. काचेतून दिसत होतं. मी त्याला आत बोलावलं.

"रडाया काय झालं? पाय माझा हाय का तुझा?"

"आये, गप बस."

"मी गपच हाय. तू रडतोयस."

आता खरं सांगते. मरणाची मला भीती वाटली नाही. बहात्तरीला ते कधीही येतं. भीती वाटली ती पाय जाण्याची. आमच्या गावात एकाचा पाय असाच गेला. तो उठायला लागला की दहा जण ओरडतात, "बसा, बसा." पाणी जागेवर, ताट जागेवर. माणूस भला होता, दोन वर्षांत दगडासारखा झाला. मला कोणी बसा म्हटलेलं चालत नाही. आणि गोठ्यात माझी चांदी होती. ती संकरित गाय, दुधाला चांगली पण आडमुठी. माझ्या हाताशिवाय कोणाच्या हाताला पान्हा सोडत नव्हती. मला परत त्या गोठ्यात माझ्या दोन पायांवर जायचं होतं. याहून मोठं काही मी देवाकडंही मागितलं नाही.

"करंगळी घ्या," मी डॉक्टरणीला म्हणाले. "पाय देनार न्हाई."

"आजी, ही काय मेथीची जुडी आहे का घासाघीस करायला?"

तरी ती हसली. करंगळी घेतली आणि पाऊल सध्यापुरतं ठेवलं. तळव्याला बाहेरच्या कडेला एवढा खड्डा झाला की त्यात लिंबू बसेल.

आरसा

दवाखान्याचा दिवस सुईनं सुरू होतो. सकाळी बोटाला टोचून साखर बघतात. बोटाला टोचलेलं मला कळायचं, पायाला कळत नव्हतं. मग चहा. बिनसाखरेचा चहा म्हणजे गरम पाणी दुधाला दाखवून आणलेलं. मग ड्रेसिंग. मग भेटायला येणारे. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जात नाहीत, म्हणून साखरेच्या आजारी बाईला लोक बिस्किटं आणि केळी घेऊन येतात. आणि खुर्चीवर टेकले की ओळखीत कुणाकुणाचे पाय कापले त्याची यादी सांगतात. मी दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी चुलत नणंद आली, तिनं सुरुवात केल्याबरोबर मी म्हटलं, "वन्सं, तुमची बस चुकंल."

शेजारच्या खाटेवर कुलकर्णी बाई होत्या, श्रीगोंद्याकडच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून काढलेला होता. त्या रडत नव्हत्या. त्या रोज पेपर शेवटच्या पानापासून वाचायच्या.

एकदा मी विचारलं, "बाई, तुमचं कसं झालं?"

"टाच फुटली होती, त्यात चिघळलं. मी मोजे घालून महिनाभर कुणाला कळू दिलं नाही." त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "वर्गात पोरांना आयुष्यभर सांगत आले, चूक झाली की लगेच येऊन सांगा, मी मारणार नाही."

मी त्यांचा पेपर उचलून त्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून हातात धरायचा आरसा काढला आणि माझ्या खाटेवर ठेवला. "हा घ्या. रोज सकाळी तळव्याखाली धरायचा आणि बघायचं. पाय सांगत नाही ना, मग आपण जाऊन विचारायचं."

"तुमाला नको का?"

"मला आता अर्धंच काम आहे त्याचं."

हे बोलून त्याच आधी हसल्या. मग मीही हसले. सिस्टर बघायला आली की या दोघींना काय झालं.

चाटायला काहीतरी

पू थांबला, जखम लाल दिसायला लागली, तेव्हा डॉक्टरीण एक पाकीट घेऊन आली. आत पांढरट पापुद्रा होता. कुरडयांचा चीक ताटात पातळ पसरून वाळवला तर निघेल तसा.

"आजी, याला कोलॅजन म्हणतात. आपल्या कातडीत जो मुख्य धागा असतो तो हाच. हा जनावराच्या कातडीतून काढून, शुद्ध करून, असा पातळ केलेला असतो. जखमेवर ठेवायचा. काही जणांना जनावराचं चालत नाही, म्हणून आधी विचारते."

"कंच्या जनावराचं?"

"वेगवेगळी असतात. माशाचं असतं, डुकराचं असतं. हे वासराचं आहे."

मी त्या पापुद्र्याकडं बघत राहिले. कुलकर्णी बाईंनी पेपर खाली घेतला. त्यांना वाटलं, मी धर्माचा विचार करते आहे. डॉक्टरणीलाही तसंच वाटलं असणार, कारण ती म्हणाली, "विचार करून सांगा, घाई नाही."

मी धर्माचा विचार करत नव्हते. मी माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाचा विचार करत होते.

त्या वर्षी आमच्या गाईचं वासरू तिसऱ्या दिवशी मेलं. गाय हंबरायची, धारेला हात लावू देत नव्हती, कास दगड झाली होती. मामंजींनी त्या वासराचं कातडं काढून घेतलं, मीठ लावून वाळवलं, आत पेंढा भरला आणि सुतळीनं शिवलं. चार काड्यांचे पाय. ते त्यांनी गाईच्या तोंडापुढं ठेवलं. मी नवी नवरी, मला भरून आलं. मी म्हटलं, मामंजी, मुक्या जनावराला असं फसवायचं?

मामंजी म्हणाले, "फसवतोय कोन? ती येडी न्हाई. तिला ठावं हाय ह्यात जीव न्हाई ते. पन तिला चाटाया काईतरी पायजे. चाटाया मिळालं का पान्हा आपसूक येतो."

गाय पुढं झाली, हुंगलं, आणि चाटायला लागली. घटकाभरात कास मऊ झाली.

हे सगळं मी डॉक्टरणीला सांगितलं. ती उभीच राहून ऐकत होती.

"म्हंजी जखमेला चाटाया काईतरी पायजे," मी म्हणाले. "आसंच ना?"

"अगदी असंच," ती म्हणाली. "मी शिकले ते याच्याहून अवघड शब्दांत होतं. खड्ड्यात नवीन मांस यायला आधार लागतो. शरीर हा पापुद्रा आपला समजून धरतं, त्याच्यावर चढतं, आपली कातडी विणतं. आणि हा हळूहळू विरून जातो."

"मंग लावा. जल्मभर वासरांनीच जगवलंय. आजून एक."

तिनं तो भिजवून लावला, वर जाळीची पट्टी, वर बँडेज. आणि तीन गोष्टी बजावल्या. आठ दिवस पट्टी उघडायची नाही. भिजवायची नाही. उकिडवं बसायचं नाही, कारण उकिडवं बसलं की सगळा भार पावलाच्या पुढच्या भागावर, नेमका जखमेवर येतो.

उकिडवं बसल्याशिवाय धार काढता येत नाही. हे तिला ठाऊक नव्हतं, मला होतं. मी मान हलवली आणि घरी आले.

माझी अक्कल

इथं मी जे केलं ते वाचून कोणी तसं करू नये, म्हणून सगळं लिहिते.

पाचव्या दिवशी पट्टीच्या कडेनं पिवळट ओल दिसली. थोडा वासही येत होता. मी पन्नास वर्षं जनावरांच्या जखमा बघितल्या आहेत. शिंग लागलेलं, तारेत फाटलेलं, खूर सडलेलं. जनावराच्या जखमेचा एकच कायदा आहे: वर काही साचू द्यायचं नाही. वर पापुद्रा धरला आणि आत ओल राहिली की किडे पडतात. खरवडायचं, धुवायचं, लाल दिसेपर्यंत. या हातांनी मी कितीतरी जनावरं उभी केली. मग माझ्या पायाला कायदा वेगळा कसा असेल?

अर्चना डेअरीवर दूध घालायला गेली होती. मी कडुलिंबाचा पाला उकळला, टबात पाणी घेतलं, पट्टी सोडली. पापुद्रा पिवळा पडला होता, कडेनं सुटला होता. मला तो सरळ सरळ घाण दिसला. पाय पाण्यात बुडवला आणि अंगठ्याच्या नखानं सगळं काढून टाकलं. खाली जे मऊ, दाणेदार, लालसर होतं, तेही फडक्यानं घासून घेतलं. रक्त आलं. मला बरं वाटलं. रक्त आलं म्हणजे जखम जिवंत.

अर्चना आली तेव्हा मी ओट्यावर पाय पसरून बसले होते.

"हे काय केलं आत्या?"

"धुतली. बघ कशी लख्ख झाली."

तिनं टबात हात घातला आणि झटकन बाहेर काढला. "आवं, पानी किती कढत हाय! हात ठिववत न्हाई."

"मला तर कोमट लागलं."

मग तिनं स्वयंपाकघरातून वाटी आणली आणि टबातल्या पाण्यातून त्या पापुद्र्याचे तुकडे वेचायला लागली. एक एक करून. पुन्हा चिकटवता येतील अशा आशेनं वेचत होती.

"सोड ते," मी म्हणाले. "घान हाय ती."

"आत्या," ती खाली बघूनच बोलली, "तुमचा पाय गेला तर तुमी खाटंवर बसून हुकूम सोडताल. करायचं मला हाय. हागनं-मुतनं मला काढायचं हाय. एकदा तरी मला इचारायचं."

लग्न होऊन बावीस वर्षं झाली, ती माझ्याशी असं कधी बोलली नव्हती. आणि ते खरं होतं.

त्याच दिवशी नगरला गेलो. अर्चनानं वाटी पिशवीत घालून आणली होती, ती तिनं डॉक्टरणीच्या टेबलावर ठेवली. डॉक्टरणीनं वाटीत पाहिलं, मग पायाकडं. पोळल्यामुळं तळव्याला फोड यायला लागले होते.

"आजी, पेंढ्याचं वासरू तुम्हीच मला शिकवलंत ना?"

"व्हय."

"गाय चाटायला लागली होती. तुम्ही तिच्या पुढून उचलून नेलं." तिचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "आणि खाली जे लाल मऊ तुम्ही घासून काढलंत, ते नवीन आलेलं मांस होतं. ती घाण नव्हती आजी. त्या तुम्हीच होतात."

मला रडू आलं नाही, राग आला, माझ्या हातांचा. त्यांना वाटत होतं, सगळं यांनाच कळतं.

"फोड बसले की पुन्हा एकदा लावते," ती म्हणाली. "पण आता हाड फार दूर नाही. या वेळी बिघडलं तर मला करंगळीवर थांबता येणार नाही."

लुगडं

फोड बसल्यावर दुसरा पापुद्रा लागला. घरी आल्या आल्या मी अर्चनाला सुई-दोरा आणायला सांगितला.

"संजयच्या बापाचं जुनं धोतर काढ. त्याची पिशवी पट्टीवरून चढव, आन् शिवून टाक. दाट टाके घाल."

"कशापायी?"

"ह्या हातांचा भरवसा न्हाई."

तिनं शिवली. दर आठवड्याला डॉक्टरीण टाके उसवून पट्टी बघायची, जुना पापुद्रा विरला असेल तिथं नवा ठेवायची आणि अर्चना घरी येऊन पुन्हा शिवायची. कामं मी आयुष्यभर केली. काही न करणं हे काम पहिल्यांदाच केलं. गुरं वळणं, पेंड्या बांधणं, जळण फोडणं हे सगळं त्याच्यापुढं सोपं आहे.

आणि चांदी पान्हा सोडेना. मी दवाखान्यात होते तोवर गुरांचा डॉक्टर तिला पान्ह्याचं इंजेक्शन द्यायचा, ते त्यानं आता बंद केलं होतं.

अर्चना बाकीच्या तीन गाईंच्या धारा काढायची. चांदीजवळ गेली की ती मागचा पाय झाडायची. एकदा बादली उडाली, एकदा अर्चनाच्या मांडीवर लाथ बसली, काळानिळा वण उठला. संजयनं प्रयत्न केला, त्याला तर तिनं शिंगच दाखवलं. कास तटतटली. सकाळी तिचं हंबरणं घरात ऐकू यायचं. तिसऱ्या दिवशी मला सहन होईना. मी खाटेवरून पाय खाली सोडले. नुसतं पाच मिनिटं उकिडवं बसले असते. पाच मिनिटांत काय होतं?

अर्चना दारात उभी होती. तिच्या हातात बादली होती, साडी शेणानं भरलेली.

"जावा," ती म्हणाली. "मी आडवनार न्हाई. पिशवी मात्र पुन्ना शिवनार न्हाई."

मी पाय वर घेतले. मग बसल्या बसल्या मामंजी आठवले.

"माझं गोठ्यातलं लुगडं आन," मी म्हणाले. "न धुतलेलं."

"काय करायचं?"

"नेस."

"मी? आवं, मी घरात गाऊन घातला तर तुमाला चालत न्हाई, आन् आता तुमचं लुगडं नेसू? नऊवारी मला नेसता येत न्हाई."

"ये हितं. मी नेसवते."

ती खाटेपुढं उभी राहिली. मी बसल्या बसल्या तिला लुगडं नेसवलं. निऱ्या घातल्या, काष्टा मागं ओढला, पदर खोचला. लग्नात हळद लावली त्यानंतर मी तिच्या अंगाला हात लावला नव्हता. ती बारीक झाली होती. कंबरेला लुगड्याचा एक वेढा जास्त बसला. तिच्या मांडीवरचा लाथेचा वण मी तेव्हाच पाहिला.

"वास किती मारतोय," ती म्हणाली.

"त्यो वासच पायजे."

संजयनं मला खुर्चीसकट उचलून गोठ्याच्या दाराशी ठेवलं. अर्चना डोक्यावरून पदर घेऊन चांदीजवळ गेली. चांदीनं मान वळवली, लुगडं हुंगलं. एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं. मग माझ्याकडं बघितलं. मी सांगते, तिला कळलं होतं. गाय येडी नसते. पण तिनं लुगड्याचा पदर जिभेनं ओढला, चाटला, आणि अर्चना खाली बसली. बादलीत पहिली धार वाजली.

"आत्या!" अर्चना ओरडली.

"वरडू नको. काढ."

विरून गेलं

बाकी सगळा वेळ जखम भरण्याचा. त्यात सांगण्यासारखं थोडं आहे, कारण भरणारी जखम कंटाळवाणी असते. लिंबाएवढा खड्डा बोराएवढा झाला. मग घेवड्याच्या दाण्याएवढा. मग ज्वारीच्या. नात दर आठवड्याला मोबाईलवर फोटो काढायची आणि ओळीनं दाखवायची. एक आठवडा काहीच फरक पडला नाही, त्या आठवड्यात मी सगळ्यांना फाडून खाल्लं. पण गोळ्या वेळेवर घेतल्या, सुई टोचून घेतली, आणि टाके उसवले नाहीत.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरणीनं तळवा वळवून बराच वेळ पाहिला.

"मिटली," ती म्हणाली.

मी आरसा धरला. गुलाबी, पातळ, चकचकीत कातडी. वासराच्या नाकासारखी.

"आन् त्यो पापुद्रा?"

"विरला. आता जे आहे ते सगळं तुमचं."

मग तिनं डोळे मिटायला सांगितले. या वेळी मी टोचा म्हणाले नाही. मला ठाऊक होतं, ती टोचते आहे. कातडी परत आली, पण जाणीव परत आली नाही. ती येत नाही, असं ती म्हणाली. म्हणून आता घरातसुद्धा चपला. एक जोड स्वयंपाकघराची, एक गोठ्याची. देवघराच्या उंबऱ्याबाहेर मी थांबते आणि तिथूनच हात जोडते, देवाला पाय दिसतात. पाणी घेताना आधी कोपर बुडवून बघते, नाही तर अर्चनाला विचारते. हो, विचारते. रोज सकाळी आरसा. कुलकर्णी बाईंना फोन करून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आरसा परत द्यायचा नाही हं." त्या आता नकली पायावर भाजी आणायला जातात.

आणि उकिडवं बसायचं नाही. कधीच नाही.

"मंग धार?" मी विचारलं.

"स्टुलावर बसून बघा. पाय सरळ ठेवून."

स्टुलावर बसून धार काढताना मी कोणाला पाहिलेलं नाही. पण मी ठरवलं, काढायची. त्यासाठीच पाय राखला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्याच्या चपला घातल्या, लाकडी स्टूल उचललं आणि माझ्या दोन पायांवर गोठ्यात गेले. कोणाचा हात धरला नाही.

बाहेर दोरीवर माझं लुगडं वाळत होतं. धुतलेलं. आत अर्चना गाऊनवर चांदीची धार काढत होती. चांदी निवांत रवंथ करत होती.

"लुगडं?" मी म्हणाले.

"आठ दिस झालं. लागत न्हाई आता." तिनं मान वर केली. "स्टूल कशाला आनलं?"

मी कासेकडं पाहिलं. अर्चनाचे हात पाहिले. मूठ नीट बसत होती, अंगठा आत दुमडलेला, मी शिकवला नव्हता तसा. माझ्याहून वेगळा हात होता, पण धार सरळ पडत होती. मी एवढं करून जी जागा परत मिळवायला आले होते, त्या जागेवर आता दुसरं माणूस बसलं होतं, आणि नीट बसलं होतं.

"बसाया," मी म्हणाले.

मी स्टूल चांदीच्या तोंडाशी ठेवलं. तिनं मान लांब केली आणि माझा हात चाटायला घेतला. तिची जीभ मोठी खरखरीत आहे, हाताला ती सगळी कळते. चाटता चाटता तिनं डोळे अर्धे मिटले. मागं बादलीतल्या धारेचा आवाज जाड झाला.

"आत्या," अर्चना पलीकडून म्हणाली, "बसा तितंच. हलू नका."

मला कोणी बसा म्हटलेलं चालत नाही, हे मी वर लिहिलं आहे.

मी बसले.